नव्ह-शापेल : फ्रान्समधील भारतीय युद्धभूमी कशी पाहावी

उत्तर फ्रान्समध्ये, लील शहराच्या पश्चिम-नैर्ऋत्येस सुमारे वीस किलोमीटरवर, नव्ह-शापेल नावाचे हजार-दीड हजार वस्तीचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात युरोपच्या पश्चिम आघाडीवर लढलेल्या भारतीय फौजेचे मुख्य स्मारक याच गावाच्या वेशीजवळ आहे. पॅरिसला गेलेले आपल्याकडचे काही प्रवासी वेळ काढून तेथे जातात, स्तंभापुढे छायाचित्र काढतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. त्यात गैर काही नाही, पण त्या अर्ध्या तासात स्मारक दिसते आणि रणभूमी दिसत नाही. ज्या शेतांत आणि ज्या ओढ्याकाठी ही माणसे पडली, ती शेते आणि तो ओढा स्मारकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे येथे पाहण्याचा क्रम उलटा ठेवावा, असे माझे मत आहे. आधी घरी बसून एखादी पलटण किंवा एखादे नाव शोधावे, मग गाव आणि शेते पायी पाहावीत आणि स्मारकात सर्वांत शेवटी जावे. पुढील माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

जाण्यापूर्वीची तयारी

मराठी माणसाने या तयारीची सुरुवात खडकीपासून करावी. खडकीला मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्सचे तेव्हाचे नाव ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ असे होते. या दलाच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या भारतीय फौजेतील लाहोर डिव्हिजन या मोठ्या तुकडीबरोबर १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सला गेल्या. या कंपन्यांत मराठे होते, तसेच शीख आणि मुसलमानही होते. रस्ते आणि पूल बांधणे, खंदक खणणे, सुरुंग पेरणे ही त्यांची कामे. ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह-शापेल येथे त्यांच्यावर जी वेळ आली तिचे वर्णन पुढे येईल. तूर्त एवढे ध्यानात ठेवावे की महाराष्ट्राशी या गावाचा सर्वांत थेट संबंध याच दोन कंपन्यांमुळे जुळतो.

मराठा पलटणींविषयी एक सामान्य गैरसमज आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतून महायुद्धात फार मोठी भरती झाली. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. अनेक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मृत्यू पावले’ अशा मजकुराची दगडी पाटी आजही आहे. पणजोबा ‘लढाईला विलायतेकडे गेले होते’ एवढेच घरात सांगितले जाते आणि त्यावरून ते फ्रान्समध्ये लढले असावेत, असा समज होतो. वस्तुतः १०३, १०५, ११०, ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. त्यांतील ज्यांची कबर सापडली नाही त्यांची नावे बसरा येथील स्मारकाकडे नोंदलेली आहेत. म्हणून घरातील माणसाचा शोध घेताना पलटणीचे नाव आधी नक्की करावे. जुनी पदके किंवा पेन्शनचे कागद यांपैकी काहीही हाती लागले तर त्यावर सहसा पलटणीचे नाव आणि शिपायाचा क्रमांक असतो. पदकांच्या बाबतीत ही माहिती कडेवर कोरलेली असते आणि चांगल्या उजेडात पदक तिरके धरल्यावर ती वाचता येते.

पलटण कळल्यावर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो विनामूल्य आहे. शोधाच्या चौकटीत नुसते आडनाव टाकून भागत नाही, कारण नावे लिहून घेणारा कारकून इंग्रजी कानांनी ऐकत होता. शिंदे यांचे ‘सिंदे’, पवार यांचे ‘पोवार’, जाधव यांचे ‘जाधाव’ किंवा ‘जादो’ असे होऊ शकते. काही ठिकाणी आडनाव गळून व्यक्तीचे आणि वडिलांचे नाव एवढेच उरते. त्यापेक्षा पलटणीचे नाव आणि स्मारकाचे नाव घालून पूर्ण यादी काढावी आणि ती सावकाश डोळ्यांखालून घालावी. बऱ्याच भारतीय नोंदींत ‘अमुकाचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ अशी जादा माहिती असते. गावाच्या नावाचे स्पेलिंग कितीही विचित्र असले तरी आपल्या भागातील माणसाला ते मोठ्याने वाचल्यावर ओळखू येते. नोंदीत दिलेला फलकाचा क्रमांक टिपून ठेवावा, म्हणजे भिंतीसमोर उभे राहिल्यावर हजारो नावांत शोधाशोध करावी लागत नाही.

आणखी खोल जायचे असेल तर दोन साधने आहेत. पहिले साधन म्हणजे पलटणींच्या युद्धदैनंदिन्या. त्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत असून घरबसल्या उतरवून घेता येतात. रोजच्या नोंदी कोरड्या असतात: हवामान, खणलेल्या खंदकाची लांबी, मृत आणि जखमी यांचे आकडे. इंग्रज अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपायांची फारच क्वचित येतात, आणि वाचताना हा पक्षपात बोचतो. दुसरे साधन म्हणजे सेन्सॉरने उतरवून ठेवलेली भारतीय शिपायांची पत्रे. फ्रान्समध्ये असलेल्या आणि इंग्लंडच्या इस्पितळांत पडलेल्या शिपायांची पत्रे तपासून त्यांतील निवडक मजकुराचा इंग्रजी अनुवाद अहवालात जोडला जाई. हे अहवाल ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपायांना आपली पत्रे वाचली जातात हे ठाऊक होते, त्यामुळे पुष्कळ गोष्टी आडवळणाने लिहिलेल्या आहेत. ही पत्रे वाचताना ते लक्षात ठेवावे.

तेथे कसे पोहोचावे

पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावरून लीलला जाणारी वेगवान गाडी सुमारे एका तासात पोहोचवते. लीलहून बेथ्यूनकडे जाणाऱ्या स्थानिक गाडीने ‘ला बासे-व्हियोलेन’ स्थानकावर उतरावे. नव्ह-शापेल ला बासेच्या उत्तरेस सुमारे पाच किलोमीटरवर आहे. तेथून टॅक्सी आधी ठरवलेली बरी, कारण लहान स्थानकाबाहेर ती उभी असेल याची शाश्वती नसते. सायकल असेल तर उत्तम, कारण हा सारा प्रदेश तळहातासारखा सपाट आहे. लीलमध्ये भाड्याने मोटार घेतली तर आसपासची इतर दफनभूमी आणि स्मारकेही एका दिवसात होतात. ला बासेहून एस्तेरकडे जाणाऱ्या डी ९४७ या रस्त्याने निघावे. गावाच्या नैर्ऋत्येस सुमारे आठशे मीटरवर, रस्त्याच्या पूर्वेच्या अंगास स्मारक लागते. ते ओलांडून आधी गावात जावे.

शाकाहारी माणसाने खाण्याचे सामान बरोबर ठेवावे. रविवारी आणि दुपारच्या वेळी लहान गावांतील दुकाने बंद असतात. हवा कोणत्याही महिन्यात पावसाची असू शकते, म्हणून चिखलात चालतील असे बूट हवेत. शक्य असल्यास मार्च महिना निवडावा, कारण ज्या दिवसांत लढाई झाली त्या दिवसांतील जमीन, उजेड आणि ओल तेव्हाच दिसते. उन्हाळ्यात उंच मक्याआड सगळे झाकले जाते. नोव्हेंबरच्या ११ तारखेला युद्धविरामाचा दिवस सर्वत्र पाळला जातो, पण त्या दिवशी निवांतपणा मिळत नाही.

गावात शिरल्यावर

चर्चपाशी थांबून आधी ऑक्टोबर १९१४ आठवावे. दिसणारे गाव सगळे युद्धानंतर नव्याने बांधलेले आहे. मूळ गावाचा दगडावर दगड राहिला नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मनांनी हे गाव घेतले. भारतीय फौजेच्या पहिल्या तुकड्या २६ सप्टेंबरला मार्सेय बंदरात उतरल्या होत्या. त्या आघाडीवर येऊन जेमतेम काही दिवस झाले होते, अंगावर उन्हाळी कपडे होते आणि हातातील बंदुकाही फ्रान्सला पोहोचल्यावर बदलून मिळालेल्या होत्या. २८ ऑक्टोबरला गाव परत घेण्यासाठी ४७ वी शीख पलटण आणि बॉम्बे सॅपर्सच्या त्या दोन कंपन्या पुढे सोडण्यात आल्या. नववी भोपाळ इन्फन्ट्रीही त्या हल्ल्यात होती.

येथे थोडे थांबून विचार करावा. सॅपर म्हणजे कसबी माणूस. त्याला शिकवून तयार करायला वर्षे लागतात आणि सैन्यात अशी माणसे मोजकीच असतात. त्यांना पायदळासारखे उघड्या शेतातून संगिनी लावून धाडणे हा नाइलाज होता, कारण पायदळ शिल्लकच नव्हते. तरीही तो शहाणपणाचा निर्णय होता असे म्हणवत नाही. हल्लेखोर सहा-सातशे यार्डांचे उघडे शेत ओलांडून गावात शिरले. घरोघरी, अंगणाअंगणात झटापट झाली आणि गाव काही काळ त्यांच्या हाती आले. शेजारच्या तुकड्यांची साथ वेळेवर मिळाली नाही, जर्मनांनी उलट हल्ला केला आणि उरलेल्यांना त्याच उघड्या शेतातून, मशीनगनच्या माऱ्याखाली, परत यावे लागले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांतील जवळजवळ सर्व इंग्रज अधिकारी ठार किंवा जखमी झाले आणि शिपायांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ठार किंवा जखमी झाले. त्यानंतर बराच काळ या दोन कंपन्या कंपन्या म्हणून वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत.

चर्चपासून पश्चिमेकडे, गावाबाहेरच्या शेतापर्यंत चालत जावे आणि मागे वळून गावाकडे पाहावे. वाटेत आडोसा म्हणून एक बांधसुद्धा नाही. पुस्तकातील नकाशात बोटभर दिसणारे अंतर येथे पायांना किती लागते ते कळते. शक्य तेथे खाली बसून, म्हणजे खंदकातील माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, गावाकडे पाहावे. उभे राहून जे सहज दिसते ते त्या उंचीवरून अजिबात दिसत नाही, आणि पुढे काय आहे हे शिपायाला किती कमी कळत असेल याचा अंदाज येतो.

मार्च १९१५ ची लढाई पायी कशी समजून घ्यावी

आता डी ९४७ वरील चौकाकडे यावे. ब्रिटिश नकाशांत या जागेला ‘पोर्ट आर्थर’ असे टोपणनाव होते. येथून पूर्वेकडे पाहिल्यास मधली शेते, त्यांतून जाणारा लेय नावाचा ओढा आणि पलीकडे ‘ब्वा द्यु बिए’ हे वन दिसते. त्याच्याही मागे ओबेरची टेकडी आहे. टेकडी हा शब्द केवळ सैनिकी नकाशाच्या हिशोबाने घ्यावा. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तेथे चढ आहे हे सांगावे लागते. पण जेथे सगळी जमीन एका पातळीत असते तेथे वीस मीटरची उंचीदेखील शत्रूच्या तोफखान्याला डोळे देते, आणि १९१४ ते १९१८ या काळात या भागातील बहुतेक लढाया त्या वीस मीटरसाठी झाल्या.

येथे जमिनीकडेही पाहावे. शेताच्या कडेने चर आहेत आणि त्यांत बहुधा पाणी असते. हात-दोन हात खणले की पाणी लागते, म्हणून येथे खोल खंदक खणताच येत नसत. वाळूची पोती आणि मातीचे ढेकूळ रचून छातीएवढी भिंत उभारायची आणि तिच्याआड राहायचे, अशी रीत होती. हिवाळ्यात शिपाई गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि थंडीने पाय सडून निकामी होणाऱ्यांची संख्याही मोठी होती. दरमहा अकरा रुपये पगारावर आलेल्या या माणसांनी फ्रान्समधील पहिला हिवाळा असा काढला.

१० मार्च १९१५ रोजी सकाळी साडेसात वाजता ब्रिटिश तोफखान्याने मारा सुरू केला. तो पस्तीस मिनिटे चालला आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ निघाले. डावीकडे ब्रिटिश चौथी कोअर (अनेक डिव्हिजन मिळून बनणारी फौज) होती आणि उजवीकडे, म्हणजे आपण उभे आहोत त्या बाजूस, भारतीय कोअर. वरचा अधिकार डग्लस हेग यांच्या पहिल्या सेनेकडे होता आणि भारतीय कोअरचे सेनापती जेम्स विलकॉक्स होते. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे आधीच तयार करून वाटले होते. तोवर एवढ्या पद्धतशीरपणे हे कोणी केले नव्हते.

भारतीय बाजूने पहिली धडक मीरत डिव्हिजनच्या गढवाल ब्रिगेडने मारली. त्यात ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दोन्ही बटालियन, तिसऱ्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन आणि लेस्टरशायर ही इंग्रज बटालियन होती. बहुतेकांनी पहिला जर्मन खंदक लवकर घेतला आणि गावही सकाळीच हाती आले. पोर्ट आर्थरजवळून निघालेली गढवालींची पहिली बटालियन मात्र दिशा चुकून उजवीकडे सरकली. तेथे तोफांनी काटेरी तार तोडलेली नव्हती. त्यांनी तो खंदक घेतला, पण किंमत भयंकर पडली, आणि मध्ये राहिलेला जर्मनांचा सुमारे दोनशे यार्डांचा तुकडा संध्याकाळपर्यंत हटेना. डाव्या अंगाला, ब्रिटिश कोअरच्या हद्दीत, हेच घडले. तेथील मारा ज्या तोफांकडे होता त्या ऐनवेळी पोहोचल्या होत्या, त्यांचा नेम बसलेला नव्हता, आणि न तुटलेल्या तारेसमोर दोन बटालियन अक्षरशः कापल्या गेल्या.

गढवालींच्या दुसऱ्या बटालियनमधील रायफलमन गब्बर सिंह नेगी याच दिवशी येथे पडले. खंदकाच्या वळणावळणावर हातबाँब टाकत पुढे जाणाऱ्या टोळीत ते होते. प्रत्येक वळणावर सर्वांत आधी तेच वळत आणि शत्रूला मागे रेटत. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला. ते टिहरी गढवालमधील चंबा भागाचे. त्यांचे नाव पुढे भिंतीवर पाहायला मिळेल.

गाव सकाळीच घेतले, मग लढाई जिंकली का गेली नाही? हा प्रश्न चौकात उभे राहूनच विचारावा, कारण उत्तर समोर पसरलेले आहे. ओढ्यापलीकडे त्या वेळी जर्मन फारच थोडे होते. पण तोफमाऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटल्या, पुढची खबर मागे जाईना, मागचे हुकूम पुढे येईनात, आणि राखीव तुकड्या तासनतास हुकमाची वाट पाहत थांबल्या. त्या अवधीत जर्मनांनी मशीनगनच्या चौक्या पुन्हा भरल्या. देहरादून ब्रिगेडचे गुरखे संध्याकाळी वनाच्या कडेपर्यंत पोहोचलेही, पण दोन्ही अंगांना साथ नसल्याने अंधारात मागे आले. ज्या वनाकडे आपण पाहत असतो तेथवर पोहोचून परत येणे म्हणजे काय, हे चालून पाहिल्यावर अधिक समजते. १२ तारखेच्या पहाटे धुक्यातून जर्मनांचा मोठा प्रतिहल्ला आला. भारतीय आणि ब्रिटिश तुकड्यांनी तो मोडून काढला आणि त्यात जर्मनांची फार हानी झाली. १३ मार्चला लढाई थांबली तेव्हा सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि एक-सव्वा किलोमीटर खोल एवढी जमीन मिळाली होती. ब्रिटिश बाजूकडील ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून अकरा-बारा हजार माणसे खर्ची पडली, त्यांपैकी भारतीय सुमारे ४,२०० होते. वन, ओढ्यावरील पुलाजवळची चौकी आणि ओबेरची टेकडी जर्मनांकडेच राहिली. दारूगोळा संपत आला होता, आणि तोफगोळ्यांच्या टंचाईचा प्रश्न मे महिन्यात लंडनच्या राजकारणापर्यंत जाऊन पोहोचला.

चौक ते वनाची कड आणि तेथून गावाकडे, असा फेरा आरामात दोन तासांत होतो. पायवाटा सोडून पिकांत शिरू नये, ती शेतकऱ्यांची जमीन आहे. नांगरटीच्या दिवसांत मातीतून गंजलेले लोखंड वर येते. तोफगोळा, हातबाँब किंवा नुसती संशयास्पद धातूची वस्तू दिसली तर तिला हात लावू नये आणि आठवण म्हणून तर मुळीच उचलू नये. शंभर वर्षांनंतरही त्यांतील स्फोटके जिवंत असू शकतात.

स्मारक

आता स्मारकात जावे. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी त्याची रचना केली आणि ७ ऑक्टोबर १९२७ रोजी तेव्हाचे भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांनी त्याचे उद्घाटन केले. बर्कनहेड स्वतः युद्धाच्या पहिल्या वर्षी भारतीय कोअरबरोबर फ्रान्समध्ये होते. बांधकाम वर्तुळाकार आहे. पुढच्या बाजूस जवळजवळ पंधरा मीटर उंचीचा, अशोकस्तंभांची आठवण देणारा स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर कमळ, त्यावर ब्रिटिश राजमुकुट आणि ‘स्टार ऑफ इंडिया’ हे मानचिन्ह. दोन्ही बाजूंना दगडी वाघ आहेत. पुढच्या अर्ध्या भागास जाळीदार दगडी कठडा आहे, त्याच्या दोन टोकांना लहान घुमटांच्या छत्र्या आहेत आणि मागच्या अर्ध्या भागास भरीव भिंत. कमळावर ठेवलेला तो मुकुट पाहून मनात संमिश्र भावना येतात आणि त्या येऊ द्याव्यात. ही माणसे ज्या साम्राज्यासाठी लढली ते त्यांचे नव्हते, आणि तरी त्यांच्या नावांना आदर देणारी ही जागा त्याच साम्राज्याने बांधली.

आत शिरल्यावर स्तंभाच्या चौथऱ्याभोवती एक फेरी घ्यावी. एका बाजूस भारताचे नाव आणि युद्धाची वर्षे आहेत, तर मागच्या बाजूस पलटणींचे युद्धसन्मान. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचा आहे, अशा आशयाचा मजकूर इंग्रजी, अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी अशा लिप्यांत कोरला आहे. मग भिंतीकडे जावे. तेथे ४,७०० हून अधिक नावे आहेत. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ज्यांची ओळखता येईल अशी कबर नाही, अशांची ही यादी. नावे पलटणीनुसार लावली आहेत, त्यामुळे घरून टिपून आणलेला फलक क्रमांक येथे कामी येतो. थर्ड सॅपर्स अँड मायनर्सचा भाग शोधून वरपासून खालपर्यंत वाचावा. हुद्दे आधी येतात: सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, मग सॅपर. घरून शोधलेले एखादे नाव असेल तर त्याचे छायाचित्र सकाळी किंवा दुपारनंतर, ऊन तिरके असताना घ्यावे. ढगाळ दिवशी कोरीव अक्षरे दगडात मिसळून जातात.

याच आवारात कांस्याचा एक वेगळा फलक आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून तो सुटतो. जर्मनीत युद्धकैदी म्हणून मेलेल्या भारतीयांच्या कबरी बर्लिनच्या दक्षिणेस झेरेन्सडॉर्फ येथे होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग पूर्व जर्मनीत गेला आणि त्या कबरींची देखभाल अशक्य झाली. म्हणून १९६४ मध्ये त्यांतील २१० नावे येथे नोंदवण्यात आली. जर्मनी एक झाल्यावर ती दफनभूमी दुरुस्त करण्यात आली, पण फलक येथेच आहे. घरच्या माणसाचे नाव भिंतीवर सापडले नाही तर हा फलक अवश्य पाहावा.

पंतप्रधान नरेंद्र मोदी एप्रिल २०१५ मध्ये येथे आले होते. २०२३ साली युनेस्कोने पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरील स्मृतिस्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या १३९ ठिकाणांत हे स्मारकही आहे.

आसपास

स्मारकासमोरच, काही पावलांवर, रिशबूरची पोर्तुगीज दफनभूमी आहे. ती टाळू नये. पोर्तुगालचे सैन्य १९१७ पासून या भागात होते आणि ९ एप्रिल १९१८ रोजी जर्मनांच्या हल्ल्याचा सारा भार त्याच्या दुसऱ्या डिव्हिजनवर पडला. त्या दिवशी नव्ह-शापेल पुन्हा जर्मनांच्या हाती गेले. दफनभूमीत १,८३१ कबरी आहेत. गावातील एका क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती तोफमाऱ्यात पाय आणि एक हात गमावूनही उभी राहिली. गावाने ती १९५८ मध्ये पोर्तुगालला दिली आणि आज ती बाताल्या येथील मठात अज्ञात सैनिकांच्या समाधीपाशी आहे. पोर्तुगालला जाणाऱ्या गोव्याच्या वाचकाने ती तेथे पाहावी.

मोटार असेल तर आणखी तीन ठिकाणे सुचवतो. लाकूत्यूरजवळच्या झेलोब इंडियन सिमेटरीत आणि लवांतीजवळच्या र्‍यू द्यु बाकरो क्रमांक एकच्या दफनभूमीत भारतीयांच्या कबरी आहेत. तेथे हिंदू शिपायांच्या शिळांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेले दिसते. मुसलमानांच्या शिळांवर अरबी आणि शिखांच्या शिळांवर गुरुमुखी मजकूर असतो. तिसरे ठिकाण जरा लांब, आरासच्या उत्तरेस नोत्र-दाम-द-लोरेत येथे आहे. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या तेथील कड्याच्या आकाराच्या स्मारकावर उत्तर फ्रान्सच्या या भागात पडलेल्या ५,७९,६०६ सैनिकांची नावे केवळ वर्णानुक्रमे लिहिलेली आहेत. त्यात देश नाही, हुद्दा नाही, शत्रू-मित्र नाही. नव्ह-शापेलच्या भिंतीवरील नाव तेथेही शोधता येते, मात्र पलटणीचा आधार नसल्याने स्पेलिंग बरोबर ठाऊक हवे. फ्रोमेल आणि ओबेरच्या परिसरात जर्मनांचे काँक्रीटचे बंकर अजून उभे आहेत. त्यांपैकी काही खाजगी जमिनीत आहेत, तेव्हा आत शिरण्यापूर्वी विचारावे.

परत आल्यानंतर

भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे रवाना झाले. घोडदळ मात्र १९१८ पर्यंत राहिले. त्यामुळे फ्रान्समध्ये लढून जगलेला शिपाई पुढे इराकमधील कुट किंवा बगदादजवळ मेलेला असू शकतो, आणि एकाच माणसाच्या नोंदी दोन देशांत विखुरलेल्या सापडतात. कबर आयोगाच्या नोंदीत गावाचे किंवा वडिलांचे नाव चुकले आहे अशी खात्री पटली तर आयोगाला लिहून दुरुस्ती मागता येते. त्यासाठी कागदोपत्री पुरावा लागतो. पेन्शनची कागदपत्रे, पदकावरील कोरीव क्रमांक, पलटणीची नोंद यांच्या प्रती जोडाव्यात. गावातील दगडी पाटीचे छायाचित्रही जोडावे, पण त्या पाटीवर बहुधा नावे नसून केवळ संख्या असते, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. ज्याची कोठेच नोंद नाही असा मृत शिपाई आपल्या माहितीत असेल, तर त्याचे नाव नव्याने नोंदवण्याची विनंतीही त्याच आयोगाकडे करावी लागते. त्या विनंतीत पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि मृत्यू सेवेत असताना झाल्याचा पुरावा या गोष्टी सुरुवातीलाच लिहाव्यात.